दारातील मोटार आणि घरचा जमाखर्च

दसरा, पाडवा किंवा एखादा मंगळवार असला की तुळजापुरात एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. नवी कोरी मोटार गावात येते. तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार असतो, चाकाखाली लिंबू ठेवलेले असते, आसनांवरील प्लास्टिकचे वेष्टनही अजून निघालेले नसते. मालक, त्याची पत्नी, मुले आणि वृद्ध आई असे सारे कुटुंब कुलस्वामिनीच्या दर्शनाला आलेले असते. मोटारीवर कुंकवाची बोटे उमटतात, नारळ फुटतो आणि त्या वृद्ध मातेच्या चेहऱ्यावर आयुष्याचे काही तरी सार्थक झाल्याचा भाव दिसतो. ज्या घरातील मागची पिढी सोलापूरच्या बाजाराला बैलगाडीने किंवा पायी गेली, त्या घरापुढे मोटार उभी राहते, ही घटना लहान नाही. तिची टिंगल करणे हा शहरी सुखवस्तूंचा उद्धटपणा ठरेल.

तथापि त्या हाराखाली एक हिशेब झाकलेला असतो. मोटार विकणाऱ्याने कागदावर लिहून दिलेला एक आकडा असतो, बँकेने सांगितलेला दुसरा असतो, आणि प्रत्यक्षात त्या कुटुंबाला दहा वर्षांत भरावा लागणारा तिसरा असतो. पहिले दोन आकडे सर्वांना पाठ असतात. तिसरा सहसा कोणी मांडत नाही. नोकरदार वर्ग, विशेषतः शिक्षक आणि कारकून, हा मोटारीचा नवा आणि उत्साही ग्राहक झाला असताना हा तिसरा आकडा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

चैनीकडून गरजेकडे

महाराष्ट्रात मोटार ही दीर्घकाळ डॉक्टर, वकील, कारखानदार आणि पुढारी यांच्या दारातील वस्तू होती. परवाना पद्धतीच्या काळात अँबॅसिडर आणि फियाट यांखेरीज फारशी निवड नव्हती आणि स्कूटरसाठीसुद्धा वर्षानुवर्षे क्रमांक लावावा लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ग्राहकांच्या हाती पडली आणि मध्यमवर्गाच्या स्वप्नांत मोटारीचा प्रवेश झाला. १९९१ नंतर बँकांची कर्जे सुलभ झाली आणि स्वप्नाला मासिक हप्त्याचे रूप आले. २००१ च्या जनगणनेत देशातील अवघ्या २.५ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४.७ टक्के झाले आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते ७.५ टक्क्यांवर गेलेले दिसले. म्हणजे आजही शंभरातील नव्वदांहून अधिक घरे मोटारीवाचूनच संसार करीत आहेत. परंतु नोकरदारांच्या वसाहतींत फिरणाऱ्यास हे खरे वाटणार नाही, कारण तेथे मोटार नसणे हीच आता खुलासा करण्याची बाब होऊन बसली आहे.

२००८ च्या जानेवारीत एक लाख रुपयांच्या मोटारीची घोषणा झाली, तेव्हा आता मोटार घरोघर जाईल असे भाकीत करण्यात आले होते. ते भाकीत खरे ठरले नाही. नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. त्यामागे अनेक कारणे होती. पण एक धडा त्यातून निश्चित मिळतो. मोटारीची विक्रीची किंमत कमी झाली म्हणून मोटार बाळगण्याचा खर्च त्याच प्रमाणात कमी होत नाही. पेट्रोल, टायर, विमा आणि दुरुस्ती यांना मालकाच्या पगाराची ओळख नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. त्यामुळे खरेदीची पहिली पायरी खाली आली आहे. पुढील पायऱ्या होत्या तेथेच आहेत.

तिसऱ्या आकड्याची मांडणी

समजा, तुळजापुरातील एका नोकरदाराने सहा लाख रुपयांची लहान पेट्रोल मोटार घेतली. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी वाहन कर आहे. तो झाला ६६ हजार. २०१८ पासून नव्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो, मोटारीचा स्वतःचा विमा आणि किरकोळ आकार मिळून ही मोटार रस्त्यावर येईपर्यंत सात लाखांची होते. त्यांपैकी १ लाख ४० हजार त्याने साठवणीतून भरले आणि उरलेले ५ लाख ६० हजार नऊ टक्के व्याजाने सात वर्षांच्या मुदतीवर उचलले, असे धरू. महिन्याचा हप्ता सुमारे ९ हजार १० रुपये पडतो. सात वर्षांत बँकेला व्याजापोटीच सुमारे १ लाख ९७ हजार जातात.

येथपर्यंतचा हिशेब बहुतेकांनी केलेला असतो. ज्याचा कधीही केला जात नाही तो घसाऱ्याचा. मोटार ही जमीन नव्हे, सोने नव्हे. ती उभ्या उभ्या झिजणारी वस्तू आहे. विमा कंपन्या मोटारीचे मूल्य ठरविताना जो तक्ता वापरतात तो या बाबतीत बोलका आहे. मोटार सहा महिन्यांची होण्यापूर्वीच तिचे मूल्य ५ टक्क्यांनी, वर्षाच्या आत १५ टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षात २० टक्क्यांनी, तिसऱ्या वर्षात ३० टक्क्यांनी, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्क्यांनी घटलेले धरले जाते. म्हणजे सात वर्षांच्या कर्जाची दोन वर्षे अजून फेडावयाची असतानाच मोटार निम्म्या किमतीची झालेली असते. दहा वर्षांनी ती विकून १ लाख ४० हजार आले असे उदारपणे धरले, तरी सात लाखांतील ५ लाख ६० हजार विरून गेले. वर्षाला ५६ हजार. ही रक्कम कोणी मागावयास येत नाही, तिची पावती मिळत नाही. म्हणून ती खर्चच नव्हे अशी समजूत होते.

आता वर्षाचा ताळेबंद मांडता येतो. घसारा ५६ हजार. कर्जावरील व्याज दहा वर्षांवर वाटले असता १९ हजार ७००. पहिल्या भरण्याची रक्कम बँकेत राहिली असती तर मिळाले असते ते व्याज सुमारे ९ हजार. विम्याचा सरासरी हप्ता ११ हजार. सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती १० हजार. टायर व बॅटरी यांचा वर्षाचा वाटा ४ हजार. टोल, पार्किंग, धुलाई आणि क्वचित होणारा दंड ५ हजार. राहिले पेट्रोल. वर्षाला आठ हजार किलोमीटर धाव, लीटरमागे साडेसतरा किलोमीटर आणि लीटरचा भाव १०५ रुपये धरला तर किलोमीटरला सहा रुपये, म्हणजे ४८ हजार. एकूण बेरीज १ लाख ६२ हजार ७०० रुपये होते. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल यात वेगळे धरलेले नाही, कारण ते घसाऱ्यात आलेलेच आहे.

महिन्याला हा आकडा साडेतेरा हजारांचा होतो आणि किलोमीटरला वीस रुपयांच्या वर जातो. मालकाच्या मनात मात्र सहा रुपयेच असतात. सोलापूरला जाऊन यावयाचे तर नव्वद किलोमीटर. ५४० रुपयांचे पेट्रोल. चौघांत विभागले तर माणशी १३५. म्हणजे एसटीइतकेच, असा निष्कर्ष तो काढतो. प्रत्यक्षात त्या फेरीचा पूर्ण खर्च अठराशे रुपयांच्या पुढे गेलेला असतो. अपडाउन करणारे चार शिक्षक जेव्हा एकाच्या मोटारीतून शाळेला जातात आणि महिनाअखेर पेट्रोलची वर्गणी करतात, तेव्हाही हीच चूक घडते. पेट्रोल चौघांचे असते. घसारा, विमा, व्याज आणि टायर एकट्या मालकाचे. त्यास वाटते, आपला प्रवास जवळजवळ फुकट झाला. वस्तुतः तो तिघांच्या प्रवासाचा मोठा भार स्वतःच्या शिरावर घेत असतो.

हे आकडे एका उदाहरणाचे आहेत. धाव, भाव आणि मोटार बदलली की तेही बदलतील. प्रत्येकाने आपापले आकडे घालून ही बेरीज करून पाहावी. बेरीज बदलेल, पेट्रोल हा एकूण खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचाच भाग आहे, हा निष्कर्ष सहसा बदलणार नाही.

ताशी नऊ किलोमीटर

इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊर्जा आणि समता या विषयावरील पुस्तकात एक विलक्षण हिशेब मांडला होता. अमेरिकन माणूस मोटारीत बसण्यासाठी, तिच्यासाठी पैसा मिळविण्यासाठी आणि तिची निगा राखण्यासाठी वर्षाला सोळाशेहून अधिक तास देतो आणि त्या बदल्यात साडेसात हजार मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी आहे, असे त्याने दाखविले. त्या वेळी अनेकांना ही अतिशयोक्ती वाटली. तोच हिशेब तुळजापूरला लावून पाहण्यासारखा आहे.

ज्याच्या हाती महिन्याला पन्नास हजार येतात आणि जो महिन्यातून दोनशे तास काम करतो, त्याची तासाची मिळकत अडीचशे रुपये झाली. मोटारीचे १ लाख ६२ हजार ७०० रुपये मिळविण्यासाठी त्यास वर्षातून सुमारे साडेसहाशे तास राबावे लागते. आठ हजार किलोमीटर सरासरी ताशी चाळीसच्या वेगाने कापण्यास दोनशे तास लागतात. गॅरेजच्या फेऱ्या, धुलाई, विम्याची कागदपत्रे, जागा शोधणे यांत पन्नास तास जातात. एकूण नऊशे तास आणि आठ हजार किलोमीटर. म्हणजे वेग ताशी नऊ किलोमीटरांच्या आत. सायकलस्वार यापेक्षा पुढे जातो. ज्याच्या हाती तीस हजारच येतात त्याचा वेग ताशी सहा किलोमीटरांवर उतरतो, आणि हा तर झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग झाला.

यात गणिताची गंमत आहे, पण केवळ गंमत नाही. मोटार वेळ वाचविते ही समजूत जितकी पक्की, तितकी ती मिळकतीवर अवलंबून आहे. श्रीमंताचा वेळ ती खरोखरच वाचविते. मध्यमवर्गीयाचा वेळ ती सकाळी वाचवून महिनाअखेरीस परत घेते.

हप्त्यापुढे काय उरते

या साऱ्याचा खरा ताण घरात दिसतो. कर्जाच्या सात वर्षांत हप्ता ९ हजार, पेट्रोल ४ हजार आणि इतर अडीच हजार असे साडेपंधरा हजार रुपये दर महिन्याला रोख बाहेर पडतात. पन्नास हजारांच्या पगारातून तीस टक्क्यांहून अधिक रक्कम एका वस्तूसाठी जाते. मग कात्री कशास लागते? किराण्यास लागत नाही, लग्नकार्यास लागत नाही. ती लागते साठवणीस, आजारपणाच्या तरतुदीस आणि मुलांच्या पुढील शिक्षणास.

१ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांस सर्वसाधारणपणे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. त्या प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि त्यात शिक्षक मोठ्या संख्येने होते. म्हातारपणाच्या आधाराची चिंता ही या वर्गाची आजची सर्वांत मोठी चिंता आहे, आणि ती रास्त आहे. परंतु ज्या पिढीला निवृत्तीनंतरची तरतूद स्वतःच करावयाची आहे, तीच पिढी ऐन कमाईची सात वर्षे झिजणाऱ्या वस्तूचे हप्ते भरण्यात घालवीत आहे, ही विसंगतीही नजरेआड करता येणार नाही. खासगी संस्थांतील आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांची स्थिती तर याहून नाजूक. त्यांच्या पगाराची तारीख निश्चित नसते, हप्त्याची मात्र असते.

याशिवाय मोटारीने लग्नाच्या बैठकीतही स्थान मिळविले आहे. हुंड्यास १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. पण 'मुलीला वापरायला' म्हणून मोटार मागण्याची वाट काढली गेली आहे. अशा वेळी मोटारीचा खर्च ज्याच्या दारात ती उभी राहते त्याने केलेला नसतो. तो एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या सात-बारावर चढलेला असतो. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मोटार घ्यावी का लागते

असे असूनही सुज्ञ माणसे मोटार घेतात. ती सारी प्रतिष्ठेपायी घेतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्री दोन वाजता घरातील म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली आणि सोलापूरचे रुग्णालय गाठावयाचे असले, तर त्या वेळी घसाऱ्याचा तक्ता कोणी पाहत नाही. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईला बसच्या उंच पायऱ्या चढणे जमत नाही. वाडीवस्तीवरील शाळेत नेमणूक झालेल्या शिक्षिकेला पाचची बस चुकली तर सडकेवर उभे राहावे लागते. मोटार ही पुष्कळदा सुखाची खरेदी नसून भयाविरुद्ध केलेली तरतूद असते. हे भय कोठून आले, हा खरा प्रश्न आहे.

हा भाग सार्वजनिक वाहतुकीच्या बाबतीत मुळात मागासलेला नव्हता. तुळजापूर हैदराबाद संस्थानात होते आणि त्या संस्थानाने १९३२ मध्येच रेल्वेच्या अखत्यारीत २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली, त्याच्या सोळा वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि लाल गाडी ही खेड्यापाड्यांतील मुलांच्या शिक्षणाची, बाजाराची आणि दवाखान्याची वाहिनी बनली. आजच्या नोकरदार पिढीतील कितीतरी जण एसटीच्या सवलतीच्या पासावर शिकून नोकरीला लागले आहेत.

त्या व्यवस्थेची हळूहळू आबाळ झाली. एके काळी अठरा हजारांच्या घरात असलेला एसटीचा ताफा कोविडनंतरच्या काळात पंधरा हजारांच्या आतबाहेर आला. जुन्या गाड्या, रद्द होणाऱ्या फेऱ्या आणि अनिश्चित वेळा यांचा अनुभव प्रवाशांस नित्याचा झाला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेला कर्मचाऱ्यांचा संप हा या आबाळीचा कळस होता. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत तथ्य होते. पण त्या साडेपाच महिन्यांत ज्याच्याकडे वाहन नाही त्याचे काय हाल होतात, हे प्रत्येक घराने पाहिले. काळीपिवळी आणि वडापच्या गाड्यांत दाटीवाटीने बसून परीक्षेला गेलेल्या विद्यार्थ्यास पुढे पगार सुरू झाल्यावर पहिली इच्छा कोणती होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

रेल्वेची कथा वेगळी नाही. देशभरातून लक्षावधी भाविक ज्या क्षेत्री येतात, त्या तुळजापूरला आजवर रेल्वेचे दर्शन नव्हते. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटर मार्गाला २०१९ मध्ये चालना मिळाली. प्रारंभी सुमारे ९०५ कोटींचा असलेला त्याचा खर्च २०२५ पर्यंत तीन हजार कोटींच्या पुढे गेला. याउलट सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा चौपदरी महामार्ग ९ जानेवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पणही झाला. त्यावर ९७२ कोटींहून अधिक खर्च झाला आणि तुळजापूरला ३.४ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता मिळाला. रस्ता उत्तम झाला, यात शंका नाही. पण रस्ता आधी आणि रेल्वे नंतर, या क्रमाचा अर्थ असा की मधल्या वर्षांत ज्यांना शक्य होते त्यांनी मोटारी घेऊन टाकल्या. उद्या आगगाडी येईल तेव्हा तिच्या स्वागताला तेच मोटारीने जातील.

समाजाच्या खात्यावरील खर्च

मोटारीच्या खर्चाचा आणखी एक भाग मालक भरीत नाही, तो इतर भरतात. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. महाराष्ट्राचा वाटा १५ हजार २२४ बळींचा होता. मृतांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पादचारी होते. रस्ता रुंद झाला, वेग वाढला. त्या वेगाची किंमत बहुधा त्यांनीच मोजली ज्यांच्याभोवती लोखंडाचा पत्रा नव्हता. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. त्याचे परकीय चलन मोटार न बाळगणाऱ्यांच्या श्रमातूनही येते.

तुळजापूरसारख्या गावात जागेचा प्रश्न तर डोळ्यांना दिसतो. गाव बालाघाटच्या उतारावर वसलेले, गल्ल्या अरुंद, महाद्वाराकडे येणारी माणसे असंख्य. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात या गल्ल्यांत माणसास पाऊल ठेवण्यास जागा नसते. अशा ठिकाणी घरापुढे उभी राहणारी प्रत्येक मोटार सार्वजनिक रस्त्याची जागा विनाभाडे अडवून बसते. घरात तेवढीच खोली भाड्याने द्यावयाची झाली तर मालक महिन्याचे भाडे मागेल; रस्त्यावरच्या खोलीस मात्र भाडे नाही.

करांची रचनाही विचार करण्यासारखी आहे. एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर दीर्घकाळ आकारला गेला. लहान मोटारीवरील कर कमी होऊन अठरा टक्क्यांवर आला. म्हणजे लाल गाडीतून दवाखान्याला जाणारी शेतमजूर स्त्री आणि नवी मोटार घेणारा नोकरदार यांना कराच्या दरात जवळपास एकाच पंक्तीत बसविण्यात आले. कररचनेतील न्यायाची कसोटी अशा जोड्या लावूनच घ्यावयाची असते.

मालकी की भाडे

मग मार्ग कोणता? मोटार घेऊच नये, असा उपदेश येथे अभिप्रेत नाही. प्रश्न एवढाच आहे की प्रवासाची सोय हवी की मोटारीची मालकी हवी. या दोन गोष्टी एक नव्हेत. वरील उदाहरणात घसारा, व्याज आणि विमा मिळून सुमारे ९५ हजार ७०० रुपये मोटार हलली नाही तरी खर्च होतात. चालविण्याचा खर्च किलोमीटरला सुमारे आठ रुपये चाळीस पैसे पडतो. भाड्याची मोटार किलोमीटरला पंधरा रुपयांनी मिळते असे धरले, तर वर्षाला सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर, म्हणजे रोज चाळीस किलोमीटर धाव असल्याखेरीज स्वतःची मोटार परवडत नाही. ज्या डॉक्टराला, व्यापाऱ्याला किंवा फिरतीच्या नोकरीतील माणसाला इतकी धाव आहे त्याने मोटार जरूर घ्यावी. ज्याची मोटार आठवड्यातील पाच दिवस कापडी आवरणाखाली झोपलेली असते, त्याने आपण नेमके काय विकत घेतले याचा विचार करावा.

एसटीचे भाडे २५ जानेवारी २०२५ रोजी १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी साध्या गाडीत सहा किलोमीटरच्या टप्प्यास ते सुमारे दहा रुपये पडते. तुळजापूर–सोलापूर आठ टप्पे, म्हणजे ऐंशी रुपये. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, लहान मुलांनाही अर्धे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. पती, पत्नी आणि दोन लहान मुले यांची सोलापूरची परतीची फेरी सुमारे चारशे रुपयांत होते. हा आकडा मोटारीच्या नुसत्या पेट्रोलपेक्षाही कमी आहे. नेहमीचा प्रवास एसटीने, अडीअडचणीला भाड्याची मोटार आणि गावात सायकल किंवा दुचाकी, अशी जोडणी केल्यास वर्षाकाठी लाखाच्या आसपास रक्कम घरात राहू शकते. सात वर्षांत त्यातून मुलीचे अभियांत्रिकीचे शिक्षण होऊ शकते किंवा म्हातारपणाचा पाया रचला जाऊ शकतो.

परंतु ही जोडणी एकट्या कुटुंबाच्या शहाणपणावर उभी राहत नाही. बस वेळेवर येईल, रात्री रुग्णवाहिका येईल आणि तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर भेटेल, ही खात्री असेल तरच माणूस मोटारीचे कवच उतरवून ठेवील. येथेच शिक्षक-कारकून वर्गाची जबाबदारी येते. हा वर्ग अर्ज लिहू शकतो, सभेत बोलू शकतो, वर्तमानपत्रात पत्र धाडू शकतो. जोवर तो स्वतः एसटीच्या फलाटावर उभा होता तोवर गाडी उशिरा आली की आगारप्रमुखास जाब विचारणारे कोणी तरी होते. तो मोटारीत जाऊन बसला आणि फलाटावर ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही अशीच माणसे उरली. एसटीच्या आबाळीचे एक कारण सरकारी अनास्था हे आहे. दुसरे कारण बोलक्या प्रवाशाचे निघून जाणे हेही आहे.

धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली होती. खासगी मोटारीच्या जमाखर्चाची तशीच तालुकावार पाहणी आज हवी आहे. महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच गल्लीतील दहा घरांचे हिशेब लिहून काढले तरी पुष्कळ काही हाती लागेल.

कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला येणारा रस्ता वर्षातून एकदा वेगळा दिसतो. वाहतूक अन्य मार्गांनी वळविलेली असते आणि त्या चौपदरी रस्त्यावर लक्षावधी माणसे पायी चालत असतात. दसऱ्याचे सीमोल्लंघन करून पौर्णिमेपर्यंत देवी श्रमनिद्रा घेते, आणि तिच्या दर्शनासाठी हमाल आणि प्राध्यापक, विडी कामगार स्त्रिया आणि बँकेतील अधिकारी एकाच वेगाने पंचेचाळीस किलोमीटर तुडवीत असतात. त्यांत अनेकांच्या मोटारी सोलापुरात घरी उभ्या असतात. त्या रात्री त्यांच्या हप्त्याची घडी थांबत नाही आणि घसाराही थांबत नाही. पहाटे घाट चढून ते गावात पोहोचतात, दर्शन घेतात आणि परतीसाठी बसस्थानकाकडे वळतात. त्या वेळी फलाटावर पुरेशा गाड्या लागलेल्या आहेत की नाहीत, यावर त्यांच्यातील कितीजण पुढच्या वर्षी आणखी एक मोटार घेतील हे ठरत असते.